खाडीकाठी कासवांचा दवाखाना काढायचा तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते कळेल. गुहागर तालुक्यात शास्त्रीच्या खाडीकाठी तुमची वीसेक गुंठे जागा आहे, लागूनच घरचा होमस्टे. भावाकडे अमेरिकेला गेलात तेव्हा फ्लोरिडातलं क्लिअरवॉटर मरीन ॲक्वेरियम पाहिलंत आणि डोक्यात बसलं, की असं आपल्याकडे का नाही? जखमी कासवं, डॉल्फिन आणायचे, बरे करायचे, लोकांनी तिकीट काढून बघायचे आणि त्या पैशावर संस्था चालवायची. नफा कुणी खिशात घालायचा नाही. हे जमेल का, आणि पहिली टाकी केवढी बांधू, असं तुम्ही विचारलंय.

जमेल. पण टाकी एवढ्यात बांधू नका.

मी रत्नागिरीच्या दक्षिणेला अशाच एका लहान केंद्रात एकोणीस वर्षं आहे. शिक्षणाने गुरांचा डॉक्टर. म्हशींची बाळंतपणं करता करता कासवांकडे कसा वळलो ती वेगळी गोष्ट. आमच्याकडे आज चार टाक्या आहेत, त्यातल्या दोन आम्ही घाईने बांधल्या आणि नंतर फोडून पुन्हा बांधल्या. म्हणून सुरुवातीलाच हात धरतोय.

क्लिअरवॉटरचं आधी बघू. त्यांची सुरुवात १९७२ सालची, आणि जागा म्हणजे एक बंद पडलेला पाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प. टाक्या तयारच होत्या. त्यांची जगभर ओळख झाली ती ‘विंटर’ नावाच्या डॉल्फिनमुळे. डिसेंबर २००५ मध्ये खेकड्यांच्या सापळ्याच्या दोरीत अडकून तिची शेपटी गेली, तिला कृत्रिम शेपटी बसवली, तिच्यावर सिनेमा निघाला, माणसांची रीघ लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती गेली. तुम्हाला जे भावलं ते बहुतेक हेच: एक प्राणी, त्याची कहाणी आणि ती बघायला येणारी गर्दी. नेमकं हेच आपल्याकडे करता येत नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे २०१३ मध्ये डॉल्फिनेरियमला परवानगी न देण्याचं ठरवलं. त्यामुळे डॉल्फिन टाकीत ठेवून लोकांना दाखवायचा विचार आजच सोडा. समुद्री कासवं आणि डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना परवानगीशिवाय ताब्यात ठेवणं हाच गुन्हा, हेतू कितीही चांगला असला तरी. तिकीट लावून जिवंत वन्यप्राणी दाखवायचे तर त्याच कायद्याच्या ३८ एच कलमाखाली प्राणिसंग्रहालय म्हणून मान्यता लागते. शिवाय तुमची जागा खाडीकाठची, म्हणजे सीआरझेड, किनारपट्टीवरच्या बांधकामांचे नियम, आलेच. समुद्रातून पाणी खेचायची पाइपलाइनसुद्धा त्यात येते. मालवण तालुक्यात तोंडवळीच्या ‘सी वर्ल्ड’ या मोठ्या सरकारी पर्यटन प्रकल्पाचं गावकऱ्यांच्या विरोधापुढे काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलं असेलच. आधी मोठा आराखडा आणि मग गावाला विचारायचं, या क्रमाने कोकणात काही होत नाही, आणि माझ्या मते होऊही नये.

तुमच्यासारख्या होमस्टेवाल्याला फ्लोरिडातलंच दुसरं उदाहरण जास्त जवळचं वाटेल. मॅरेथॉन नावाच्या गावी १९८६ पासून कासवांचं एक हॉस्पिटल आहे. ते उभं राहिलं एका मोटेलच्या आवारात, तिथल्या खाऱ्या पाण्याच्या जलतरण तलावात. राहायला येणाऱ्यांच्या पैशावर कासवं बरी होत गेली. हा धागा धरून ठेवा, पैशाच्या बाबतीत मी पुन्हा याच्याकडे येणार आहे.

आता मुख्य गोष्ट. कोकणात या कामाची अडचण एका वाक्यात सांगायची तर, पेशंट पावसाळ्यात येतात आणि पावसाळ्यातच बाकी सगळं बंद पडतं.

ऑलिव्ह रिडले या आपल्याकडच्या समुद्री कासवाच्या माद्या अंडी घालायला येतात त्या थंडीत, नोव्हेंबर ते मार्चच्या सुमाराला. वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी, वायंगणी इथलं ते काम वेगळं आणि ते कासवमित्र उत्तम करतात. त्या माद्या ठणठणीत असतात, त्यांना डॉक्टर नको. आजारी कासवं येतात ती जून ते सप्टेंबरात. महिनाभर आधी कुठेतरी जाळ्यात अडकून पर, म्हणजे पोहायचा वल्ह्यासारखा पाय, कापलेला, नाहीतर पोटात प्लास्टिक गेल्यामुळे बुडी मारता येत नाही म्हणून नुसतं तरंगणारं, असं कासव खोल समुद्रात कसंबसं तग धरून असतं. नैर्ऋत्येचा वारा सुटला की लाटा त्याला ढकलत थेट वाळूवर आणून टाकतात. अंगभर बार्नॅकल, म्हणजे खडकाला चिकटतात तसले कवचाचे बारके समुद्री जीव, चिकटलेले. धडधाकट कासवाच्या पाठीवरही थोडे असतात, पण गळ्यावर, परांवर, डोळ्याच्या कडेला दिसले की समजायचं, हे कित्येक दिवस धड पोहलेलं नाही.

आणि याच वेळी तुमच्या खाडीत काय असतं? तांबडं, गढूळ, गोडं पाणी. सह्याद्रीवरचा सगळा पाऊस शास्त्रीतूनच खाली येतो. मे महिन्यात तुम्ही जिथून छान खारं पाणी उचलाल तिथे जुलैत जिभेला नीट खारटही लागणार नाही. आमच्या दोन टाक्या फोडाव्या लागल्या त्या यामुळेच. पाणी घ्यायची जागा आम्ही मार्चमध्ये ठरवली होती!

थोडा हिशोब करून दाखवतो. एका मोठ्या ऑलिव्ह रिडलेला, म्हणजे पाठ साठ-सत्तर सेंटीमीटर आणि वजन पस्तीस-चाळीस किलो, निदान अडीच मीटर व्यासाची, मीटरभर खोल गोल टाकी हवी. त्यात पावणेपाच ते पाच हजार लिटर पाणी बसतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे या एका टाकीत १७० किलो मीठ. कासव खातं तसं घाणही करतं, त्यामुळे वाळूची गाळणी लावली तरी पाणी बदलावं लागतंच. पाणी खराब झालं तर कासव माशासारखं तासाभरात मरत नाही, ते हवेत श्वास घेतं. पण आठवड्यात डोळे चिकटतात, कातडी सोलवटते आणि मूळ जखम राहते बाजूला.

आम्ही आता पाणी फक्त उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, दिवसांत, भरती पूर्ण भरायच्या अर्धा तास आधी उचलतो. तेव्हा समुद्राचं पाणी सगळ्यात आत आलेलं असतं आणि जड असल्यामुळे तळाशी असतं, म्हणून पाइपचं तोंड खाली. ओहोटी लागली की पंप बंद. प्रत्येक वेळी रिफ्रॅक्टोमीटरने क्षार मोजायचे आणि वहीत लिहायचे. मेअखेरीला पन्नास हजार लिटर पाणी झाकून साठवून ठेवतो. तेही संपलं तर आयोडीन नसलेलं जाडं मीठ विरघळवून वेळ मारून नेतो. कासवाला ते काही दिवस चालतं. शोभेचे मासे ठेवाल तर त्यांना हे पाणी चालणार नाही, हा मत्स्यालयाच्या कल्पनेला आणखी एक फाटा.

पाण्याइतकीच पंचाईत खाण्याची. जून-जुलैत मासेमारी बंद. कासवाला दिवसाला वजनाच्या दोन टक्के धरले तरी पस्तीस किलोच्या कासवाला ७०० ग्रॅम मासळी लागते. जुलैत आलेलं कासव बरं झालं तरी समुद्र शांत होईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, सोडता येत नाही. शंभर दिवस धरा: एका कासवाला ७० किलो. पाच कासवं असली तर साडेतीनशे किलो तारली, बांगडा, माकूल तुम्हाला मे संपायच्या आत घेऊन गोठवून ठेवायला हवा. आणि गोठवलेल्या मासळीत एक खोच आहे. तारलीसारख्या काही माशांत ब-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, ते बर्फातही काम करत राहतं. महिनोन्‌महिने तीच मासळी घातली तर कासव सुस्त होतं, मान वाकडी करू लागतं, आणि आपण डोक्याला मार शोधत बसतो. ब-१ ची गोळी माशाच्या कल्ल्यात खुपसून द्यायची. पैशाला स्वस्त आणि विसरायला सोपी.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती. जनरेटर होता, डिझेल दीड दिवसाचं. पंप चालवू की फ्रीजर? पंप निवडला. दोनशे किलो मासळी वाड्यांत वाटून टाकली, उरलेली पुरली. त्या वर्षी पहिलं कासव ११ जूनला आलं आणि आमच्याकडे त्याला द्यायला काही नव्हतं. खाजणातले खेकडे पकडून घातले. म्हणून सांगतो, टाकीआधी डिझेलचं पिंप.

आता प्राणी हातात येतो तेव्हाचं बोलू, कारण तुमचं केंद्र व्हायला पाच वर्षं लागतील, पण कासव या जुलैतही येईल.

सगळ्यात मोठी चूक लोक प्रेमापोटी करतात. कासव म्हणजे पाण्यातला जीव, त्याला लगेच पाण्यात ढकला! अशक्त कासव पाण्यात बुडून मरतं. त्याला फुफ्फुसं आहेत, डोकं वर काढायची ताकद नसेल तर संपलं. माझ्या पहिल्याच वर्षी हॉक्सबिल जातीचं एक कासव आलं होतं, पाठ जेमतेम ताटाएवढी. मी भरलेल्या टाकीत सोडलं आणि जेवायला गेलो. परत आलो तर ते तळाशी. गुरांच्या डॉक्टरला कासव बुडतं हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि विचारायचं मलाही सुचलं नाही. आता पहिली रात्र कोरडी. जुना टायर आडवा ठेवायचा, त्यावर कासव, म्हणजे खालच्या कवचावर भार येत नाही आणि गाडीत घसरतही नाही. अंगावर ओलं फडकं, नाकपुड्या मोकळ्या, डोळ्यांना मलम. उचलताना कवचाला धरायचं, परांना नाही. उताणं करायचं नाही.

जाळ्यातून आलेलं कासव मेल्यासारखं दिसलं तरी मेलेलं असेलच असं नाही. श्वास कोंडून ते नुसतं निपचित पडलेलं असतं. पोटावर ठेवून मागची बाजू वीतभर उंच करायची, म्हणजे फुफ्फुसातलं पाणी तोंडावाटे येतं. सावलीत, ओल्या फडक्याखाली निदान चार तास, गरज पडली तर चोवीस तासही वाट बघायची. अधूनमधून डोळ्याच्या कडेला किंवा शेपटीला हलकेच बोट लावायचं. पूर्णगडच्या एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, असंच एक रात्रभर होडीत ठेवलं होतं. पहाटे मला फोन: “डॉक्टर, मेलेला उठला. माज्या डब्याकडं बगतोय.”

दवाखान्यात आलं की वजन, रक्तातली साखर, आणि सलाइन. सगळी कोरडी पडलेली असतात, समुद्रात राहून तहानलेली. बार्नॅकल खरवडायचे नाहीत; गोड्या पाण्याच्या उथळ टबात चोवीस तास ठेवलं की ते आणि जळवा आपोआप मरून गळतात. उथळ म्हणजे हनुवटीच्या खाली. दोरीचा काच खोल गेला असेल तर ओढायचा नाही, टप्प्याटप्प्याने कापायचा. जखमेत आम्ही मध भरतो. ऐकायला आजीबाईच्या बटव्यातलं वाटेल, पण जगातली चांगली कासव हॉस्पिटलं हेच करतात. मध पाणी शोषून घेतो आणि जंतूंना वाढू देत नाही. पर सडला असेल तर काढावा लागतो. तीन परांवर कासव समुद्रात जगू शकतं. पुढचे दोन्ही गेले तर नाही, आणि तो निर्णय एकट्याने कधीच घेऊ नका.

तरंगणाऱ्यांचं अवघड. एक्स-रेशिवाय कळत नाही की हवा आतड्यात आहे, का फुफ्फुस फाटून कवचाखाली भरली आहे. आमच्याकडे मशीन नाही. शहरातले एक एक्स-रेवाले डॉक्टर रात्री दहानंतर, शेवटचा पेशंट गेला की शटर अर्धं ओढून आमचं कासव आत घेतात. त्यांच्या संगणकाला नाव आणि वय भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणून त्यांच्याकडे ‘कासव रत्नागिरीकर, वय ९९’ अशा चौदा फिल्म जमा आहेत. असा एक माणूस तुमच्या पंचक्रोशीत शोधा. पन्नास लाखांच्या देणगीपेक्षा तो लवकर मिळेल.

हे सगळं करताना वनखाते बरोबर हवं, नंतर कळवून भागत नाही. प्राणी सरकारचा आहे, आपण त्याचे फक्त राखणदार. पहिला फोन वनरक्षकाला किंवा १९२६ या हेल्पलाइनला, पंचनामा, मग उपचार. मी आजवर ज्या संस्था बंद पडताना पाहिल्या, त्यातल्या निम्म्या पैशाअभावी बंद पडल्या आणि निम्म्या कागदाअभावी. खारफुटी आणि किनारा सांभाळणाऱ्या राज्याच्या कांदळवन कक्षाचं ऐरोलीला सागरी प्राण्यांसाठी काम आहे, डहाणूला वनखात्याच्या साथीने स्थानिक प्राणिमित्रांचं कासव केंद्र वर्षानुवर्षं चाललंय. दोन्हीकडे जाऊन चार दिवस नुसते उभे राहा. त्यांचा आपल्याला हेवा वाटू नये, सवय कळावी म्हणून.

डॉल्फिनबद्दल थोडक्यात. जिवंत सापडला तर पोटावर सरळ ठेवायचा, दोन्ही परांखाली वाळू उकरून खड्डे करायचे, पाठीवर ओलं कापड, डोक्यावरचं श्वासाचं छिद्र कोरडं आणि मोकळं. शेपटीला दोर बांधून ओढायचा नाही. तोंडाजवळ तोंड नेऊन सेल्फी काढू नका, त्यांच्या श्वासातून आजार येतात. शक्य असेल तर तिथूनच समुद्रात, नाहीतर मरणाला सोबत. देवमाशाचं तर विचारूच नका. २०१५ मध्ये रेवदंड्याला आलेला निळा देवमासा, नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला वाळूत रुतलेलं पिल्लू: त्या पिल्लासाठी खात्याने, गावाने शर्थ केली, ते वाचलं नाही. पाण्याने उचललेलं ते वजन जमिनीवर स्वतःच्याच स्नायूंना चिरडतं, त्यातून निघणारं विष मूत्रपिंडं बंद पाडतं. वरून समुद्रात ढकललं तरी आतून ते संपलेलं असतं. लोक विचारतात, क्रेन का नाही आणली? सांगून थकलोय. जाळ्यात येणाऱ्या समुद्रसापांना तुम्ही हात लावू नका, तुमच्या पोरांनाही लावू देऊ नका. जुलैच्या वादळात दमून पडणारे बूबी आणि सुरय पक्षी मात्र जरूर उचला. खोकं, काळोख, शांतता, आणि चोच डोळ्यांपासून लांब. समुद्रातून वाहून येणाऱ्या तेलाच्या चिकट गोळ्यांनी माखलेला पक्षी आल्या आल्या साबणाने धुवायचा नाही, आधी ऊब आणि पाणी. धुण्याचा ताणच त्याला मारतो.

आता ज्यांच्याशिवाय यातलं काहीच होत नाही ते लोक. कासव तुम्हाला सापडत नाही, खलाशाला सापडतं. पूर्वी होडीत कासव आलं की भीती असायची, खटला होईल, तीन वर्षं आत जाऊ. मग गुपचूप जिवंत किंवा मेलेलं टाकून द्यायचं. डिसेंबर २०१८ पासून मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्षाने योजना आणली: संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई, सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ दाखवायचा. यामुळे मोबाइल बाहेर आले आणि आम्हाला पहिल्यांदा कळू लागलं की समुद्रात चाललंय काय. तुमच्या केंद्राचं पहिलं काम म्हणजे हा भरपाईचा अर्ज तांडेलाला भरून देणं, त्याची कागदपत्रं झेरॉक्स करणं, पाठपुरावा करणं. ज्याचा एक अर्ज तुम्ही मार्गी लावाल तो रात्री दोनला फोन करेल. ज्याला तुम्ही समुद्र वाचवण्यावर भाषण द्याल तो फोन बंद ठेवेल. आणि किनाऱ्यावर कासवाच्या पाठीला कुणी हळदकुंकू लावून जास्वंद वाहिलेली दिसली तर डाफरू नका. आमच्याकडे आलेल्यांपैकी बरीच कासवं वाचली ती त्या हळदकुंकवामुळे. ज्याने देव मानलं त्याने कुत्र्यांपासून रात्रभर राखलं. कुंकू ओल्या फडक्याने पुसता येतं.

पैशाकडे येतो. आजारी प्राणी दाखवून तिकीट लावू नका. कायद्याचं सोडा, कासवालाच ते सोसत नाही. काचेवर टकटक झाली की ते खाणं सोडतं, हे मी पोरांच्या एका सहलीनंतर चार दिवस बघितलंय. लोकांना मासे बघायचे असतील तर रत्नागिरीत झाडगावला संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, देवमाशाचा सांगाडाही आहे, तिकडे पाठवा. तुम्ही होमस्टे चालवा आणि त्यातला ठरावीक भाग संस्थेच्या खात्यात टाका, मॅरेथॉनच्या मोटेलसारखा. वेळासने हेच केलं: कासव वाळूत, पाहुणे घराघरात, पैसा गावात. पाहुण्यांना दाखवायला तुमच्याकडे पुष्कळ असेल. किनाऱ्यावर वाहून आलेलं हिरवं नायलॉनचं भूतजाळं अंगणात पसरून ठेवा, मुलांना त्यात हात घालून सोडवायला सांगा. कासवाच्या पोटातून निघालेलं प्लास्टिक बरणीत. थंडीत पहाटे किनाऱ्यावर फेरी. तुमच्याच गुहागरच्या किनाऱ्यावरून फेब्रुवारी २०२३ मध्ये उपग्रह टॅग लावून सोडलेली ‘बागेश्री’ दक्षिणेला वळसा घालून श्रीलंकेपर्यंत गेली. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरलाच अंडी घालताना सापडली. या दोन प्रवासांचा नकाशा भिंतीवर लावा. तासभर बोलायला पुरतो.

मग या वर्षी काय करायचं? एक टेंपो ज्याचा मालक रात्री उठेल. दोन मोठे टब, चार टायर, सलाइन, मलम, वजनकाटा. वनखात्याकडून फक्त प्रथमोपचाराची लेखी परवानगी, म्हणजे पहिले चोवीस तास तुमच्याकडे आणि पुढे आमच्याकडे किंवा खातं सांगेल तिथे. पंधरा तांडेलांचे नंबर. आणि एक वही: या जूनपासून पुढच्या मेपर्यंत दर उधाणाला तुमच्या धक्क्यावर पाण्यातले क्षार किती, गढूळपणा किती. त्या वहीवरून आपण दोघं पुढच्या वर्षी ठरवू की टाकी बांधायची की नाही, आणि बांधायची तर पाणी कुठून घ्यायचं. वही सांगेल ‘नाही’, असंही होऊ शकतं. तरी तुमचे चोवीस तास वाया जात नाहीत. आमच्याकडे येणारी जी मरतात, त्यातली बरीचशी वाटेत मरतात.

मरण्याचा विषय निघालाच आहे तर, पोरांना हे आधी सांगून ठेवा. आलेल्यातली बरीच जात राहतील, तुम्ही सगळं बरोबर केलंत तरी. आमच्याकडे शवविच्छेदन न करता एकही पुरलं जात नाही. पहिल्यांदा मदतीला येणारा मुलगा त्या दिवशी जेवत नाही, हे गृहीत धरून डबा कमी मागवतो.

शेवटी तुम्ही विचारलं होतं, प्राण्यांना नावं द्यावीत का, म्हणजे लोक जोडले जातात. उपग्रह टॅगवाल्यांना देतात, ठीक आहे. दवाखान्यात आम्ही नंबर देतो. नाव दिलं की सोडायला हात चालत नाही आणि मेलं की काम थांबतं. मासळी कापायला येणाऱ्या मावशी मात्र माझं ऐकत नाहीत. त्या सगळ्यांनाच ‘बाय’ म्हणतात, नर असला तरी. गेल्या ऑक्टोबरात सतरा नंबर सोडलं. उजवा पर नव्हता, शंभर दिवस त्यांच्या हातून बांगडा खाल्लेला. होडीवर चला म्हटलं तर आल्या नाहीत, “टाकी घासायचीय” म्हणाल्या. संध्याकाळी परत आलो तेव्हा टाकी तशीच होती आणि त्या काठावर बसून उरलेल्या तारल्या मांजरांना घालत होत्या.